कोनाडेसर

कुठलीही गोष्ट उगीच झाली, हे ज्यांना सहनच होत नाही अशी माणसं असतात. पाऊस लांबला, कारण हवं. शेजाऱ्याने गाडी विकली, त्यामागे काहीतरी असणारच. आणि दोन सख्खे भाऊ एका घरात भांडण न करता राहत असतील, तर यांची झोपच उडते. यातले बहुतेक निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या कमिटीत जातात. थोडे मात्र तरुणपणीच इकॉलॉजी शिकतात आणि त्यांच्या या खोडीला विद्यापीठाची मान्यता मिळते. आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागातले कोनाडेसर या थोड्यांपैकी.

कोनाडे हे त्यांचं आडनाव नव्हे, ते मुलांनी ठेवलेलं नाव. निसर्गात प्रत्येक जातीचा आपापला कोनाडा असतो आणि एका कोनाड्यात दोन जाती राहू शकत नाहीत, हे वाक्य सर पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला सांगत. तिसऱ्या वर्षाच्या निरोपसमारंभात तेच पुन्हा सांगत. मधली सगळी वर्षं उदाहरणांची. मी मराठीचा मास्तर, माझा वनस्पतींशी संबंध डब्यातल्या भाजीपुरता. पण स्टाफरूममध्ये माझी खुर्ची सरांना लागून होती, त्यामुळे माझं बरंच शिक्षण फुकटात झालं. खुर्ची तिथे असण्यालाही सरांच्या मते कारण होतं : पंख्याचा वारा न सोसणारे आम्ही दोघंच.

सरांचे देव ठरलेले होते. पहिला मान जोसेफ ग्रिनेलचा. याने १९१७ साली कॅलिफोर्नियातल्या थ्रॅशर नावाच्या पक्ष्यावर लिहिलं, की हा प्राणी दाट खुरट्या झुडपांत राहतो, जमिनीवर पाचोळा उकरतो, त्याची चोच, पाय, शेपूट सगळं त्या झुडपांच्या मापाचं आहे. नंतर मॉस्कोचा गॉझ. गॉझ म्हटलं की सरांचा आवाज कापरा होई. चोविसाव्या वर्षी, १९३४ साली, त्याचं पुस्तक आलं होतं. "चोविसाव्या वर्षी तुम्ही काय करत होता?" सर आम्हा सगळ्यांना विचारत आणि उत्तर न ऐकताच पुढे जात. गॉझने काचेच्या नळ्यांत पॅरामीशियमच्या दोन जाती वाढवल्या. वेगवेगळ्या ठेवल्या तर दोन्ही सुखात. एकत्र ठेवल्या आणि खायला एकच गोष्ट दिली, तर ऑरेलिया उरली, कॉडॅटम संपली. ही कॉडॅटम संपल्याची हकिगत सर अशी सांगत, की पुढच्या बाकावरच्या मुली रुमाल शोधू लागत. मग ते हात वर करून म्हणत, "पण थांबा!" गॉझने दुसऱ्या एका नळीत कॉडॅटमबरोबर बर्सारिया ठेवली. ती खाली तळाशी चरू लागली, ही वर पाण्यात. दोघी जगल्या. वाटण्या नीट झाल्या की भाऊबंदकी मिटते, हे सरांना मॉस्कोमार्गे कळलं होतं.

तिसरा देव रॉबर्ट मॅकआर्थर. मेन राज्यातल्या स्प्रूसच्या जंगलात पाच जातींचे वटवटे एकाच झाडावर किडे खात होते. आकार जवळजवळ सारखा, खाद्य सारखं, झाड तेच. मॅकआर्थरने झाडाचे कप्पे पाडले आणि कोण किती वेळ कुठे असतो ते मोजत बसला. १९५८ साली त्याने दाखवलं की एक शेंड्याशी बाहेरच्या फांद्यांवर असतो, दुसरा मध्ये, तिसरा खाली खोडाजवळ, आणि प्रत्येकाची किडे टिपायची तऱ्हाही निराळी. हे सांगून झाल्यावर सर खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडे बघत. त्यावर फक्त कावळे असत, पण सरांना पाच कप्पे स्पष्ट दिसत.

क्षेत्रभेटीला भीमाशंकरला गेलं की सरांना ऊत येई. तिथल्या सदाहरित जंगलात अंजनी, जांभूळ आणि पिसा ही झाडं एकमेकांत मिसळून उभी. बसमधून उतरून मुलांचा चहा व्हायच्या आत सरांनी पहिल्या अंजनीपाशी चिमूटभर माती उचललेली असायची. "अंजनी इथे का? उतार बघा. माती बघा. पाणी धरत नाही ही." एकदा एका धीट पोराने सांगितलं, "सर, पलीकडे सखल भागात पाणी तुंबलंय, तिथेही अंजनीच आहे." सर क्षणभरही अडले नाहीत. "तिथे वारा आहे!" पलीकडे वारा नव्हता असं मुलं म्हणतात. पण सर उभे राहिले की वारा सुटायचा, एवढा त्यांच्या शब्दाला मान होता.

सरांच्या खिशात कायम व्हर्नियर कॅलिपर असे. त्याचं मूळ जी. एव्हलिन हचिन्सन. हा मॅकआर्थरचा गुरू. सिसिलीत पालेर्मोजवळ संत रोझालियाच्या गुहेखाली एक डबकं आहे, त्यातल्या पाणकिड्यांच्या दोन जाती बघून याला प्रश्न पडला, की प्राण्यांच्या जाती इतक्या का? १९५९ साली त्याने मांडलं, की एकत्र राहणाऱ्या जवळच्या जातींच्या चोची, जबडे वगैरे मापांचं गुणोत्तर १.३च्या आसपास येतं, म्हणजे धाकट्याहून थोरला साधारण तीस टक्क्यांनी मोठा. झालं. सर चोची मोजू लागले, बिया मोजू लागले. १.३ आलं की वहीत लाल खूण. न आलं की माप पुन्हा. पुढे १९७७ साली हेन्री हॉर्न आणि रॉबर्ट मे यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं, की हे १.३ बासऱ्यांच्या संचात सापडतं, स्वयंपाकघरातल्या तव्यांत सापडतं, मुलांच्या सायकलींतही सापडतं. दुसरा कोणी असता तर त्याने कॅलिपर विकला असता. सर तो लेख वाचून उलट खूश झाले. म्हणाले, "म्हणजे तव्यांचेही कोनाडे असतात."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना विभागात नव्या मॅडम आल्या. बंगळूरला पीएच.डी. केलेली, मुदुमलैच्या जंगलात हत्तींच्या वाटेवर झाडं मोजलेली. तिथे भारतीय विज्ञान संस्थेच्या रमण सुकुमार यांनी १९८८ साली ५० हेक्टरचा एक तुकडा आखून घेतला. त्यातल्या एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोडाला नंबर आहे आणि आग लागो की हत्ती येवो, त्याची हजेरी घेतली जाते. मॅडम तशा शांत. पण पहिल्याच विभागीय बैठकीत सर म्हणाले, "प्रत्येक जात आपल्या जागी का आहे, ते शोधणं हेच आपलं काम." त्यावर मॅडमनी विचारलं, "आणि काहीच कारण नसलं तर?"

शिपाईमामांच्या हातून कप पडला नाही, एवढंच.

मुलांनी आठवड्याच्या आत त्यांचं नाव चिठ्ठीमॅडम ठेवलं. कारण मॅडम स्टीफन हबेलच्या मताच्या. हबेलचं पुस्तक २००१ सालचं. त्याचं म्हणणं ऐकून सरांचं रक्त उसळे, आणि का उसळू नये? एका जंगलातली सगळी झाडं, जात कुठलीही असो, एकूण हिशेबात सारखीच धरा. मरण्याची शक्यता सारखी, बी रुजण्याची सारखी. कोणी हुशार नाही, कोणी मागास नाही. मग कोणती जात वाढते नि कोणती संपते, ते निव्वळ नशिबाने ठरतं. मोतो किमुराने १९६८ साली जनुकांबद्दल जे सांगितलं होतं, तेच हबेलने आख्ख्या जंगलाला लावलं. मॅडम मुलांना हे म्हाडाच्या सोडतीने समजावत. एक झाड कोसळलं की एक घर रिकामं झालं. आसपासच्या सगळ्या झाडांचे अर्ज आले. ज्या जातीचे अर्ज जास्त, तिची चिठ्ठी निघण्याची शक्यता जास्त. कधीतरी दूरच्या रानातून एखादं बी उडत येतं आणि त्याचीच चिठ्ठी निघते. पिढ्यान्‌पिढ्या सोडती काढत राहा. काही जाती भरमसाट होतात, पुष्कळ जाती मोजक्या राहतात, काही नाहीशा होतात. खऱ्या जंगलात नेमकं असंच दिसतं.

दाराबाहेरून हे ऐकणारे सर आत डोकावले. "मॅडम, म्हाडात गट असतात. अल्प उत्पन्न वेगळा, मध्यम वेगळा. प्रत्येक गटाचा कोनाडा वेगळा!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. उपमा मॅडमची, पण फळ सरांच्या पदरात. सरांच्या आयुष्यात योगायोगाने झालेली ही काही पहिली गोष्ट नव्हती, त्याकडे पुढे येतोच.

मॅडमचा हुकमाचा पत्ता बारो कोलोरादो. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण घातलं, गाटून जलाशय भरला आणि एका टेकडीचा माथा बेट होऊन उरला. या बेटावर हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८०च्या सुमारास ५० हेक्टर जंगल आखलं. मुदुमलैचा तुकडा त्याच धर्तीवरचा. एक सेंटिमीटरच्या वरचं प्रत्येक खोड मोजलं. दोन लाखांच्या वर खोडं निघाली, जाती तीनशेच्या घरात. "सर," मॅडम म्हणत, "झाडाला लागतं काय? ऊन, पाणी, चार क्षार, पाय रोवायला जागा. सगळ्यांना तेच. यातून तीनशे कोनाडे कुठून काढायचे?" हा प्रश्न सरांच्या देवानेच, हचिन्सननेच, १९६१ साली समुद्रातल्या प्लवकांबद्दल विचारला होता, हे त्या मुद्दाम पुढे जोडत.

"आपल्याला दिसत नाहीत म्हणून कोनाडे नाहीतच असं नव्हे," सर.

"सर, हे वाक्य लोक भुतांबद्दलही बोलतात."

आता नकाशाचा प्रसंग. मॅडमनी एक दिवस सरांपुढे एक छापील कागद ठेवला. एक चौकोन, त्यात तीन रंगांचे ठिपके : अंजनी, जांभूळ, पिसा. "सर, जरा बघता का? मला काही उलगडत नाही." सरांनी चष्मा पुसला. असं कोणी विचारलं की त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण होई. तासभर ते बोलत होते. हा जांभळांचा पट्टा बघा, इथून ओढा जात असणार. इथे पिसा विरळ, म्हणजे खडक वर आलाय. या कोपऱ्यात अंजनी दाटली आहे, इकडून पावसाचा मारा असेल. त्यांनी पेन्सिलीने ओढा काढला, खडक काढला, वाऱ्याचे बाण काढले. आम्ही सगळे भोवती जमलो. खरं सांगतो, मला तो ओढा दिसू लागला होता. शेवटी सरांनी पेन्सिल खाली ठेवली तेव्हा मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, हे ठिपके संगणकाने टाकलेत. कुठलाही नियम न लावता."

स्टाफरूममध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. सरांनी चहाचा कप उचलला, उरलेला घोट संपवला, कागदाकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "पण संगणकाने तरी तिथेच का टाकले?"

या एका प्रश्नावर सर मला कायमचे आवडले. पण मॅडमचं काम झालं होतं. हबेल बरोबर की चूक हा मुद्दा माझ्या लेखी दुय्यम आहे. त्याच्या सिद्धांताने सरांसारख्या माणसांवर एक जकात बसवली. जंगलात ओढा आहे म्हणायचं असेल, तर ओढा नसता तेव्हा काय दिसलं असतं ते आधी मोजून आण. तोवर सगळ्यांची कारणं जकातीशिवाय आत येत होती. आमच्या मराठी समीक्षेत असा नाका कधी बसला नाही. बसला असता तर कित्येक प्रबंध घाटातूनच परत गेले असते.

म्हणून मॅडम जिंकल्या असं मात्र नाही. हबेलच्या बाजूचा मोठा पुरावा म्हणजे त्याचं गणित बारो कोलोरादोच्या आकड्यांवर झकास बसतं. किती जाती भरपूर, किती दुर्मीळ, त्याची वक्ररेषा तंतोतंत. २००३ साली 'नेचर'मध्येच ब्रायन मॅकगिलने दाखवलं, की जुनी साधी लॉगनॉर्मल रेषा त्याहून बरी बसते. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, ईगोर वोल्कोव्ह आणि जयंत बानावर यांनी हबेलसह आपली बाजू मांडली. सर त्या दिवसांत दोन्ही रेषा फळ्यावर काढून उभे राहत. त्या इतक्या जवळून जात, की खडूची जाडी मध्ये येई. एकाच ठिपक्यांमधून दोन परस्परविरोधी सिद्धांत आरामात जात असतील, तर नुसत्या रेषेवरून निकाल लागत नाही, हे मला मराठीच्या मास्तरालाही कळलं.

सरांची खरी दिवाळी २०१० साली झाली. तिचं तेल १९७० आणि १९७१ सालचं : डॅनियल जॅन्झन आणि जोसेफ कॉनेल यांनी वेगवेगळं सुचवलं होतं, की आईच्या झाडाखाली पोरं जगत नाहीत, कारण त्या जातीचे किडे नि बुरश्या तिथे टपून बसलेल्या असतात. म्हणजे जी जात फार वाढली तिला तिच्याच गर्दीचा त्रास, आणि दुर्मीळ जातीला जागा. यात कारण आहे, शत्रू आहे, न्याय आहे, सरांना हवं ते सगळं आहे. लिझा कोमिता यांनी बारो कोलोरादोवरच्या रोपट्यांचा हिशेब मांडला आणि स्वतःच्याच जातीची गर्दी रोपट्याला नडते, हे दाखवून दिलं. लेख 'सायन्स'मध्ये आला. सरांनी त्याची झेरॉक्स काढून विभागाच्या फलकावर लावली. लेखकांच्या यादीतलं शेवटचं नाव त्यांनी लाल शाईने अधोरेखित केलं होतं. ते नाव स्टीफन हबेल.

मॅडमनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "असा हवा शास्त्रज्ञ. आपल्याच विरुद्ध पुरावा गोळा करणारा." सरांचा अर्धा आनंद तिथेच मावळला.

आता दोघांच्या वागण्याबद्दल. सगळं नशिबाने ठरतं म्हणणाऱ्या मॅडमचं आयुष्य रुळावरून जाई. रेल्वेचं आरक्षण सुरू होतं त्या दिवशी सकाळी त्यांचं तिकीट काढून झालेलं असे. डब्यात चार कप्पे, कुठल्या कप्प्यात काय हे ठरलेलं. त्यांच्या खुर्चीत कोणी बसलं तर त्या काही बोलत नसत, नुसत्या शेजारी उभ्या राहत. तो माणूस उठे.

उलट, प्रत्येकाची जागा ठरलेली असते म्हणणाऱ्या कोनाडेसरांना स्वतःची प्रत्येक जागा सोडतीतच मिळालेली. त्यांना प्राणिशास्त्राला जायचं होतं, यादी भरली म्हणून वनस्पतिशास्त्र. कॉलेजच्या मुलाखतीला दुसरा उमेदवार सरांहून वरचढ होता, पण त्याची एसटी घाटात बंद पडली आणि तो पोचला तेव्हा समितीचं जेवण होऊन गेलं होतं. मी एकदा हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. म्हटलं, "सर, हबेलचा एवढा चांगला पुरावा तुम्हीच आहात." सर शांतपणे म्हणाले, "एसटी उगीच बंद पडली नव्हती. रेडिएटर गळत होता."

या भांडणात तडजोड सुचवणारी माणसंही झाली. पीटर चेसनने २००० साली मांडलं, की सहवासाला दोन गोष्टी लागतात : जातींच्या ताकदीतली तफावत कमी असावी, आणि प्रत्येक जातीला परक्यापेक्षा आपल्याच माणसांचा अडसर जास्त व्हावा. पहिली गोष्ट पूर्ण आणि दुसरी शून्य धरली की आपण हबेलच्या गावी पोचतो. दुसरी भक्कम असली की सरांच्या. म्हणजे दोघं एकाच रस्त्याच्या दोन टोकांना उभे. एम.एस्सी.च्या एका मुलीने हे उत्तरपत्रिकेत सुरेख लिहिलं. प्रश्न दोघांनी मिळून तपासायचा होता. सरांनी तिला निम्मे गुण दिले, मॅडमनीही निम्मेच. तिला पैकीच्या पैकी मिळाले, आणि परीक्षकांत मतभेद नसल्याचा शेरा अहवालात गेला.

सर मग निवृत्त झाले. निरोपसमारंभात भाषणाला मॅडमच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की सर नसते तर नकाशा दाखवायला दुसरं कोणी सापडलं नसतं. सर हसले. कॅलिपर त्यांनी विभागाला दिला.

एका मुद्द्यावर या दोघांचं कधीच भांडण झालं नव्हतं. जंगलात जागा रिकामी झाली की ती भरते. सरांच्या मते लायक जात येते, मॅडमच्या मते जिची चिठ्ठी निघेल ती, पण येतं कोणीतरी नक्की. हबेलच्या गणितात तर जंगल कायम भरलेलंच धरलेलं आहे, एक गेलं की एक आलं. हे गणित करणाऱ्याने महाराष्ट्रातलं अनुदानित महाविद्यालय पाहिलेलं नसावं. सरांची जागा मंजूर आहे, रिक्त आहे आणि भरलेली नाही. त्यांचे तास सध्या तासिका तत्त्वावर त्यांचाच एक विद्यार्थी घेतो. नेट झालेला, पीएच.डी. संपवलेला, भीमाशंकरच्या प्रत्येक अंजनीला नावाने ओळखणारा. मानधन तासावर, तेही उशिरा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद. वनस्पतिशास्त्राच्या पूर्णवेळ पदाची जाहिरात कुठे निघाल्याचं वाचकांच्या कानावर आलं, तर कृपया कळवावं. मुलगा चांगला आहे.